पट्टीवरच्या दोन खुणा

मित्रांनो, बॉनेट उघडल्यावर तुम्हाला एक पिवळी कडी दिसेल. ती धरून ओढा, म्हणजे मी बाहेर येईन. मी एक जुनी तेलपट्टी आहे. हातभर लांब, बोटाहून अरुंद आणि मधे जराशी वाकलेली. गॅरेजमध्ये मला डिपस्टिक म्हणतात. इंजिनात तेल किती आहे ते सांगणं एवढंच माझं काम. माझ्या खालच्या टोकाला दोन खुणा आहेत. वरच्या खुणेपर्यंत तेल लागलं तर पोट भरलेलं आहे आणि खालच्या खुणेच्याही खाली गेलं तर उपास घडतो आहे, असं समजायचं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पोलादाच्या लांब पट्टीतून मला कापलं, खुणा ठोकल्या आणि एका पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअपच्या इंजिनात सरकवलं. तिथून मी ज्या घरी आले, त्या घरात काचा कापायचा छोटा कारखाना होता. मुलगा टेबलावर काचा कापायचा आणि त्याचे वडील, म्हणजे बाबा, त्या गाडीत उभ्या लावून गावभर पोचवायचे. काचेचं ओझं फार असतं आणि तिला धक्का चालत नाही. त्यामुळे आमची गाडी सदा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, नव्या नवरीसारखी जपून चालायची.

बाबा रोज सकाळी मला बाहेर काढत, पुसत, पुन्हा बुडवत आणि पुन्हा काढून उजेडात धरत. दर पाच हजार किलोमीटरला ते तेल बदलत. त्यात कधी चालढकल नाही. माझं कौतुकही फार होतं. "ही पट्टी कधी खोटं बोलायची नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी आत जाऊन खुशाल तेलात बुडी मारत असे.

पुढे बाबांचे गुडघे कुरकुरू लागले. क्लच दाबताना त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा. मग त्यांच्या सुनेनं गाडी चालवायला शिकायचं ठरवलं. वय चाळीस, पण जिद्द दांडगी. तीन महिन्यांत ती उभ्या काचा घेऊन चढावर गाडी थांबवायला शिकली, तेव्हा बाबांनी चावी तिच्या हातात ठेवली.

"आता गाडी तुझी, सूनबाई. आजपासून मी बॉनेटला हात लावणार नाही. शब्द देतो."

"अहो बाबा, शब्द कशाला?"

"असू दे. एका गाडीला दोन मालक नसावेत."

सूनबाईनं गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. आजवर ते कुणी उघडलंही नव्हतं. मग ती सिंथेटिक तेलाचा डबा घेऊन आली. हे तेल जास्त टिकतं. पुस्तकात लिहिलं होतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला. बाबांनी मान डोलावली, पण मनात पाच हजारच घट्ट बसले होते.

आता ऐका, पुढची गोष्ट फक्त मला ठाऊक होती. रविवारी दुपारी सूनबाई लेकीला पोहायला घेऊन जायची. एका रविवारी बाबा जाडा पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरले. गुडघा दुखत होता, तरी कण्हतकुथत त्यांनी खालचा बोल्ट उघडला, तेल काढलं आणि स्वतः आणलेलं तसंच सिंथेटिक तेल भरलं. मला पुसून आत सरकवताना पुटपुटले, "बॉनेटला हात लावणार नाही म्हणालो होतो. काम तर गाडीखालूनच झालं की." तेल वरून ओतताना बॉनेट उघडावंच लागलं होतं, ते मात्र ते सोयीनं विसरले. दर पाच हजारांनी हा कार्यक्रम होऊ लागला. गाडी धुऊन ठेवली, एवढंच ते घरात सांगत.

दहा हजार झाल्यावर सूनबाई गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेली. मिस्त्रीनं मला बाहेर काढलं, बोटावर तेल चोळलं आणि तो चाटच पडला.

"ताई, हे दहा हजार चाललेलं तेल आहे? मधासारखं दिसतंय."

"सिंथेटिक आहे ना," सूनबाई ऐटीत म्हणाली.

मग तिनं पुढच्या वेळी पंधरा हजार केले. तरी मध. त्याच्या पुढच्या वेळी अठरा हजार. तरी मध. तिचा आनंद गगनात मावेना. काचेच्या गोदामासमोर रांगेत थांबलेल्या पिकअपवाल्यांनाही ती सांगू लागली, "पाच हजारांवर तेल बदलायचं सोडा. माझ्या गाडीला बघा." तिचं ऐकून चौघांनी बदलायचं लांबवलंसुद्धा. बाबा हे ऐकून गप्प बसत. खरं सांगावं तर शब्द मोडल्याचं बाहेर येणार, आणि सुनेला वाटणार की आपल्यावर भरवसा नाही. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण मला फक्त दोन खुणा आहेत.

नंतर बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. ते थोरल्या लेकीकडे गेले आणि तिथेच आठ महिने राहिले. ते गेले त्या आठवड्यात गॅरेजमध्ये तेल बदललं होतं. त्यानंतर रविवार आले आणि गेले. पुठ्ठा भिंतीला टेकून धूळ खात राहिला. सूनबाई मला पुसून बघायची, कमी वाटलं की वरून थोडं तेल घालायची आणि वरच्या खुणेवर समाधान मानायची. तेल किती आहे ते मी चोख सांगत होते. कधीचं आहे, हे मला कुणी विचारत नव्हतं. तो मध केव्हाच संपला होता. आता मी काजळात बुडाल्यासारखी काळी, चिकट होऊन बाहेर यायची, आणि मला माझीच लाज वाटायची.

सोळा हजारांवर इंजिन सकाळी टकटक करू लागलं. मिस्त्रीनं कान लावला, मला बघितलं आणि डोकं खाजवलं.

"दुसऱ्या कुणाची गाडी असती तर म्हणालो असतो, तेल बदला. पण तुमचं तेल अठरा हजारांवरही स्वच्छ असतं, मी स्वतःच बघितलंय. म्हणजे इंजिनच आतून गेलं असणार, ताई. खोलावं लागेल. त्यापेक्षा गाडी विकून टाका."

बर्फाच्या लाद्या पोचवणारा एक जण गुरुवारी गाडी बघायला यायचा होता. बुधवारी संध्याकाळी सूनबाईनं गाडीतलं सामान आवरलं, काचा बांधायचे पट्टे गुंडाळले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसतीच बसून राहिली. या गाडीवरच ती शिकली होती. आजवर तिच्या हातून एक काच तडकली नव्हती.

त्याच वेळी रिक्षातून बाबा उतरले, नव्या गुडघ्यांवर, काठी टेकत. सूनबाईनं गाडी आत घ्यायला चालू केली आणि ते फाटकातच थांबले.

"हा आवाज कसला?"

तिनं सगळं सांगितलं. उद्या गिऱ्हाईक येणार, तेही सांगितलं. बाबांनी काठी टेकवून ठेवली.

"इंजिन बंद कर आणि बॉनेट उघड बघू."

त्यांनी मला बाहेर काढलं. बोटांत तेल चोळलं, वास घेतला. गप्प राहिले तर शब्द मोडल्याचं कुणाला कळणार नव्हतं, पण चांगली गाडी मातीमोल जाणार होती.

"सूनबाई, इंजिन ठीक आहे. तेल सोळा हजारांचं आहे."

"पण बाबा, मागं अठरा हजारांवरसुद्धा..."

"मागं अठरा हजारांचं नव्हतंच ते. दर पाच हजारांना मी बदलत होतो. तू पोरीला पोहायला घेऊन गेलीस की."

सूनबाई गाडीतून खाली उतरली.

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"दुखऱ्या गुडघ्यांनी गाडीखाली शिरून?" तिचा आवाज चढला आणि तिथेच फुटला. "मला एकदा बोलायचंत ना, बाबा. मी अडाण्यासारखी सगळ्यांना शिकवत सुटले. त्या चार गाड्यांचं काय आता?"

"चुकलो," बाबा म्हणाले. "वाटलं, तुला वाटेल म्हातारा अजून लुडबुडतो. उद्या गोदामावर मी येतो. तुझ्याबरोबर मीच सांगतो सगळ्यांना."

सूनबाईनं डोळे पुसले, ते नेमके मला पुसायच्या फडक्यानं. गालावर काळा पट्टा उमटला. बाबा हसले, मग तीही हसली, आणि खरं सांगते, इतकं हलकं मला नवं तेल भरल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बर्फवाल्याला नाही म्हणून सांगितलं. तेल आणि फिल्टर बदलला. हजार किलोमीटरनं घाण धुऊन काढायला पुन्हा एकदा बदललं. टकटक थांबली. गोदामावर बाबांनी काठी टेकत सगळ्यांसमोर कबुली दिली आणि चारही गाड्या त्याच आठवड्यात गॅरेजला गेल्या. मग सासऱ्या-सुनेत चांगली जुंपली. ती पुस्तक दाखवी, ते पाच बोटं दाखवत. शेवटी तिनंच त्याच पुस्तकातलं मागचं पान काढलं. सारखं ओझं, सारखं थांबणं असेल तर तेल लवकर बदला, असं तिथे छापलं होतं. साडेसात हजारांवर तह झाला, आणि गाडी उभी राहिली तरी वर्षाला एकदा नक्की. काचेवर खुणा करायच्या पेन्सिलीनं तिनं बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि आकडा लिहिला. आता मी सांगते किती, आणि ती ओळ सांगते कधीचं.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्यांना वेळच्या वेळी पुसा, बघा, आणि तेल कधी बदललं ते दिसेल असं लिहून ठेवा. आणि कुणाची काळजी घेत असाल, तर त्याला ती कळू द्या.

आता तेल बदलायच्या रविवारी पुठ्ठ्यावर सूनबाई पडते. बाबा बाजूला खुर्ची टाकून मला हातात धरून बसतात. बोल्ट सुटला की ती गाडीखालून ओरडते, "बाबा, बॉनेटला हात लावलात का?" आणि बाबा मला उजेडात धरून म्हणतात, "लावला, बाई. तुझ्यादेखत लावला."