सहाशे बारा मीटर

कोतवाल कचरूनं टेपचं टोक दगडाखाली दाबलं आणि खुणेसाठी चुन्याची चिमूट टाकली. विसाव्यांदा. गावच्या विहिरीपासून निघालेली मोजणी आता भुजंगच्या मोसंबीच्या बांधावर आली होती. पुढं थोड्याच अंतरावर बोअरचा पाइप दिसत होता. ऊन असं होतं की पायांत चपला असूनही कचरू पाय उचलून उचलून टाकत होता.

"सहाशे बारा," तलाठी भाऊसाहेब म्हणाले. "नियम पाचशेचा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत असता, तर तुमचा बोअर बंदच झाला असता. हा बाहेर आहे."

भुजंग सुटल्यासारखा बागेकडं वळला. तीनशे झाडं, सात वर्षांची, आणि फांद्यांना लिंबाएवढी फळं. पाणी तुटलं असतं तर पंधरा दिवसांत त्या बागेचं सरपण झालं असतं. त्याचे वडील, त्रिंबकआबा, बांधावर उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

अर्ज द्वारकाबाईनं दिला होता. तिचं घर विहिरीला लागून. पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज तिला घरात बसून ऐकू यायचा, आणि गेले दोन महिने तो दिवसभर येत होता. टँकर चार दिवसांतून एकदा यायचा, तेही आला तर.

"मंग आमचं पाणी गेलं कुठं, भाऊसाहेब?" तिनं विचारलं. "मी लगीन होऊन आल्ते तवापासून ही हीर आटलेली पाह्यली न्हाई."

"दोन वर्षं पाऊस नाही, बाई." भाऊसाहेबांनी रुमालानं मान पुसली. माणूस वाईट नव्हता, फक्त कंटाळलेला होता. "आणखी एक कलम आहे. टंचाई जाहीर झालेलीच आहे. या बोअरमुळंच विहीर आटली असं दिसलं, तर किलोमीटरच्या आतलाही बोअर वरून बंद करता येतो. पण तसं सांगणारं कुणी पाहिजे. भूजल खात्याची माणसं यायची तेव्हा येतील. तोवर माहितगाराचं म्हणणं लिहून पाठवतो. गावात पाण्यातलं कुणाला कळतं?"

"हे काय, तुमच्याम्होरंच बसल्यात," कचरू हसून म्हणाला. "दोन्ही पाणी आबांनीच दावलंय."

ते खरंच होतं. त्रिंबकआबा पाणाडी. तळहातावर आडवा नारळ ठेवून शिवारभर हिंडायचे. नारळ उभा राहिला की टाच मारून खूण करायचे. पस्तीस वर्षांपूर्वी गावानं तीन जागा खणल्या, तिन्ही कोरड्या गेल्या. चौथी आबांनी दाखवली आणि तिला दहा हातांवर पाणी लागलं. तेव्हापासून गावात एक रिवाज पडला होता. सकाळी जी बाई विहिरीतून पहिला हंडा शेंदेल, तिनं तो आबांच्या दारात नेऊन ठेवायचा. आबांच्या घरी बोअरचं पाणी आलं तरी रिवाज मोडला नाही, कारण मान हा मान असतो.

बोअरची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. बाग हातची जाऊ लागली तशी भुजंगनं जागा विचारली. आबांनी सगळं रान पालथं घातलं, पण हात थरथरायला लागले होते आणि नारळ उभा राहीना. उभ्या जन्मात त्यांना एकाच झऱ्याची पक्की खात्री होती, तो म्हणजे गावच्या विहिरीचा. म्हणून ते विहिरीवर गेले, आणि झरा ज्या अंगानं येतो त्या अंगाला पावलं मोजत निघाले. पाचशेचा नियम त्यांना ठाऊक होता. पावलांच्या हिशेबानं पाचशे मीटर भरले तरी थांबले नाहीत, उगाच बोल नको म्हणून आणखी शंभर चालले, आणि तिथं टाच मारली. नियम पाळला याचं त्यांना तेव्हा मोठं समाधान वाटलं होतं. पाणी वरच्या अंगाला अडवलं की खाली काय उरतं, हे शेताला दारं धरणाऱ्या पोरालाही कळतं. आबांनाही कळत होतंच, फक्त त्यांनी तिकडं बघितलं नाही.

"सांगा आबा," भाऊसाहेबांनी कागद मांडीवर घेतला. "या पाण्याचा आणि विहिरीच्या पाण्याचा काही संबंध?"

भुजंग बापाकडं बघत होता. द्वारकाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मामा जे म्हणतील ते मला बिलकुल कबूल," ती म्हणाली. "त्यांनीच पाणी पाजलंय गावाला."

आबांनी एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी चुरलं.

"न्हाई," ते म्हणाले. "झरा येगळा हाय."

कागदावर त्यांचा अंगठा घेतला गेला. सगळे पांगल्यावर आबा बराच वेळ तो अंगठा मातीवर घासत बसले होते. शाई काही निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई दारात उभी राहिली. आज तिच्या डोक्यावर हंडा नव्हता. हातात तांब्या होता.

"मामा, हंडा भरलाच न्हाई," ती ओशाळून म्हणाली. "पहिल्या पोहऱ्याला एवढंच निघालं. गढूळ हाय, जरा बसू द्या. पण मान चुकवू न्हाई वाटलं, म्हून घेऊन आल्ते."

आबांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला. आत पाण्यापेक्षा गाळ जास्त होता. काल ती भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. त्यांचा जीव नुसता तुटत होता.

"तुझ्या घरी काय ठिवलं?"

"आमचं व्हईल काहीतरी. टँकर यील."

आबांनी तांब्या देवळीत ठेवला आणि खुंटीवरचा फेटा काढला.

"कालचा कागद गेला का गं अंबडला, तहसिलीत?"

"न्हाई. कचरू म्हणत व्हता, दुपारच्या गाडीनं जाणार. भाऊसाहेब वडीगोद्रीला सज्जाच्या हापिसातच हाईत. का हो मामा?"

"मला जायचंय त्यांच्याकडं. तू बी चल."

आबांना फेटा नीट बांधता येईना. तिसऱ्यांदा त्यांनी तो तसाच डोक्याला गुंडाळला. मागच्या रानात मोटार केव्हाची चालू होती. तेवढ्यात भुजंग घाईघाईनं अंगणात आला, चिखलानं पोटरीपर्यंत भरलेला, खुशीत.

"आबा, लाइट जल्दी आली आज! निम्मी बाग भिजवतो न् बंद करतो. बाकीची उद्या पाहू. तुम्ही कुठं निघालात?"

आबांनी त्याच्या पायांवरचा ओला चिखल पाहिला. मग काठी घेतली.

"बंद करू नको, बाळा," ते म्हणाले. "लाइट हाय तवर समद्या झाडांला पोटभर पाज आज."