फोटोबाईंची वीस मिनिटं

मुलगी खुर्चीत नव्हती, खुर्चीखाली होती. ओठ तिने असे मिटले होते, की आत दात आहेत की नाहीत याचाच आधी तपास करावा लागला असता. फोटोबाई तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. दातांच्या या दवाखान्यात एक्स-रे काढण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. गुडघे केव्हाच निवृत्त झाले होते, बाई मात्र कामावर होत्या.

"अगं, घाबरतेस काय? इंजेक्शन थोडंच देणार आहेत?" दारातून वडील म्हणाले.

तोवर मुलीच्या डोक्यात इंजेक्शन नव्हतं. वडिलांनी ते घरपोच आणून दिलं. ती आणखी आत सरकली. बाईंनी वडिलांना बाहेर बसून मासिक वाचायची विनंती केली. मासिक तीन वर्षांपूर्वीचं होतं, पण वडीलही साधारण तेवढेच अद्ययावत होते.

जुने डॉक्टर गेल्या वर्षी घरी बसले आणि त्यांच्या जागी जावई आले. जावई हुशार होते. मुलांच्या एक्स-रेला चार मिनिटं, असं त्यांनी ठरवून टाकलं. नाही जमलं तर बापाने हात धरायचे, कंपाउंडरने डोकं. आज सकाळीच त्यांनी बाईंना बजावलं होतं, की पुन्हा चारची पाच झाली तर उद्यापासून या खोलीत पाय ठेवायचा नाही.

आता आठ झाली होती.

बाईंनी टॉर्च मुलीच्या हातात दिला आणि स्वतःचा जबडा उघडला. मुलीने बराच वेळ पाहणी केली.

"तुमचे पण किडलेत," ती म्हणाली. हे तिचं पहिलं वाक्य.

माझ्या लहानपणी कुणी फोटो काढला नाही, असं बाईंनी कबूल केलं. मग तिच्या तळहातावर नखाएवढी फिल्म ठेवली आणि ही दाढेपाशी टोचेल, पण चार आकडे मोजेपर्यंतच, असंही सांगून टाकलं. टोचणार नाही असं त्या कधी सांगत नसत. पोराला एकदा फसवलं, की ते चाळिशीपर्यंत दवाखान्याचं तोंड पाहत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

मुलीने विचार केला. "मागे माझ्या दादाचा फोटो काढताना तुम्ही पळून का गेलात?"

सव्वीस वर्षांत इतका रास्त प्रश्न एकाही मोठ्या माणसाने विचारला नव्हता.

"दादाचा एकच फोटो होता. मी दिवसाला तीस काढते. सगळ्या वेळी इथे थांबले, तर मला बाधेल. म्हणून भिंतीआड जाते. आकडे मात्र मोठ्याने मोजते, ऐकू येतील."

एवढ्यात कंपाउंडरला घेऊन डॉक्टर आले. कंपाउंडर अंगाने कपाटाएवढा होता. बाई खुर्चीला धरून उठल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"बाई, अकरा मिनिटं झाली."

"मोजलीत, बरं केलंत. मला सवड नव्हती."

"बाजूला व्हा. हा डोकं धरेल."

"आधी माझं धरावं लागेल. दारात तेच आहे."

कंपाउंडरच्या दोन्ही लेकींचे फोटो बाईंनीच काढले होते. त्याला अचानक उकळत ठेवलेल्या अवजारांची आठवण झाली आणि तो गेला. डॉक्टरांना उकळायला काही नव्हतं. ते घड्याळाकडे बघत उभे राहिले.

एकोणिसाव्या मिनिटाला मुलगी आपणहून खुर्चीत चढली. विसाव्याला फोटो निघाला. इतका स्वच्छ, की डॉक्टरांना त्यात दोष शोधायला आणखी दोन मिनिटं लागली. सापडला नाही.

डॉक्टरांचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी बाई बाहेर, अपॉइंटमेंटच्या टेबलावर. सव्वीस वर्षांची खोली समोर, दार बंद, आत फोटो काढायला नवीन मुलगी. बाईंनी दाराकडे पाहिलं नाही. वही उघडली.

डॉक्टरांच्या लक्षात आलं तोवर वहीत पुढचे तीन आठवडे भरले होते.

"हे काय? प्रत्येक मुलापुढे वीस मिनिटं?"

"हो."

"चार ठरली होती ना?"

"खोलीत ठरली होती. मी आता खोलीत नसते."

"खोडा."

"शाईने लिहिलंय. आणि सगळ्यांच्या आयांना फोन करून कळवलंय. तुम्ही परत फोन करा एकेकीला. नंबर काढून देते."

डॉक्टरांनी तीन आठवड्यांतल्या आया मनातल्या मनात डोळ्यांसमोर आणल्या आणि ते आत गेले.

फोन वाजला.

"दवाखाना. बोला," बाई म्हणाल्या. "वय किती बाळाचं?"

ऐकता ऐकता त्यांनी पट्टी उचलली, वहीवर नीट बसवली आणि चांगला रुंद चौकोन आखला.