तिसरा पट्टा

चौथ्या रेडिओचं मागचं झाकण इनासने काढलं, तेव्हा त्यातूनही चिठ्ठी पडली.

पहिल्या तिन्हींसारखीच. पातळ गुलाबी कागदाचा तुकडा, दोनदा दुमडलेला, आत बाईच्या हाताचं गोल, ठसठशीत अक्षर. ‘केशर, वांगं, डाळिंब.’ आधीच्या एकीत होतं, ‘कॉफी, काजळ, संत्रं.’ बाकी दोन्हींतही असंच काहीतरी, तीन-तीन शब्द. खाली सही नाही, वर नाव नाही.

तिने चारही चिठ्ठ्या बाबांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. सोल्डरिंगच्या डागांनी करपलेल्या त्या फळीवर त्या फारच नाजूक दिसत होत्या.

उद्या बाबा गेल्याचा चाळिसावा दिवस. नातेवाईक येतील, कुराणपठण होईल, आणि परवा दुकानाची किल्ली मालकाच्या हातात द्यायची. त्याआधी लोकांचे रेडिओ परत करायला ती कैरोहून आली होती. दुरुस्त झालेल्या रेडिओच्या झाकणाला आतून खडूची फुली मारायची बाबांची सवय होती, म्हणून ती एकेक झाकण उघडून बघत होती. चारही रेडिओंत फुली होती. आणि चारही रेडिओंत ही बाई.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत बाबांना कुणाची सोबत मिळाली असेल तर आपल्याला बरं वाटायला हवं, असं इनासने स्वतःला सांगून पाहिलं. बरं काही वाटलं नाही. ती वर्षातून दोनदा यायची, ईदला आणि उन्हाळ्यात, आणि बाबा दोन्ही वेळा तिला एवढंच विचारायचे, जेवलीस का. कुणी नवं आलंय का आयुष्यात, हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

मग तिचं लक्ष कागदाकडे गेलं. असल्या गुलाबी कागदात समोरच्या दोऱ्याच्या दुकानात बटणं बांधून देतात.

ट्राम जाईपर्यंत ती उंबऱ्यावर थांबली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

“ये गं, ये,” बहियाखाला गल्ल्यामागूनच ओरडली. सत्तरीची थोराड बाई, गळ्यात मोजपट्टी, चष्मा इलॅस्टिकने डोक्याला बांधलेला. “कैरोत काय उपाशी ठेवतात काय तुला? आणि माझा रेडिओ कुठाय? चाळीस दिवस झाले, दुकानात मी आणि माझी बटणं. एकही बटण तोंड उघडत नाही.”

“बघते, खाला. टेबलावरच आहे तो.” इनासने चिठ्ठ्या काचेवर ठेवल्या. “हे अक्षर तुमचं?”

बहियाने चष्मा डोळ्यांवर ओढला. एक चिठ्ठी उचलली, दुसरी उचलली.

“आतच ठेवायचा होय! मला वाटायचं, फेकून देत असेल.”

“मला विचारायचा हक्क नाही, ठाऊक आहे,” इनास म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. “पण बाबांचं आणि तुमचं...”

बहियाने तिच्याकडे नीट बघितलं, आणि मग इतक्या मोठ्याने हसली की दारातलं मांजर उठून गेलं.

“अगं ए शहाणे! एवढी पुस्तकं वाचतेस, आणि एवढंच कळलं? प्रेमपत्रात वांगं कोण लिहितं? मी लिहिलं असतं तर गुलाब तरी लिहिला असता की नाही?” तिने डोळे पुसले. “रंग आहेत ते. त्या तुमच्या पट्ट्यापट्ट्यांच्या मण्यांवरचे.”

तिने दोऱ्यांचा लांबलचक खण बाहेर ओढला. काजळ, कॉफी, डाळिंब, संत्रं, केशर, पुदिना. रिळांखाली त्याच गोल अक्षरात नावं चिकटवली होती.

“मुठीत मणी घेऊन यायचा. मी तो रिळांना लावून बघायची आणि लिहून द्यायची. आधी आधी चिडायचा. म्हणायचा, ‘सित्त बहिया, जांभळा लिही.’ मी म्हटलं, उस्ता फिक्री, माझ्या दुकानात त्याला वांगं म्हणतात, चालत नसेल तर रेशीमवाल्याकडे जा. मग मुकाट शिकला. वांगं म्हणजे सात, डाळिंब म्हणजे दोन. या गल्लीतल्या प्रत्येक रेडिओच्या पोटात माझं अक्षर आहे, काय समजलीस!”

“पण बाबा स्वतः का नाही...”

बहियाचा हात रिळांवरच थांबला.

“तुला माहीत नव्हतं?” ती हळू म्हणाली. “त्याला डाळिंब आणि पुदिना एकच होतं, पोरी. कॉफी, संत्रं, सगळं एकच.”

बाबा कधी टोमॅटो आणायला जात नसत. पाठवलंच तर कच्चे घेऊन येतो, म्हणून आई पाहुण्यांसमोर त्यांची थट्टा करायची, आणि बाबाही हसायचे.

इनास समोरच्या स्टुलावर बसली.

शाळा सुटली की ती बाबांच्या दुकानात लाकडी खोक्यावर बसायची. बाबा चिमट्यात रेझिस्टर धरून तिच्यापुढे करायचे. “वीज फार उतावळी असते,” ते सांगायचे. “मोकळी सोडली तर जिथे जाईल तिथे जाळत जाते. हा मणी तिची वाट अडवून म्हणतो, जरा हळू. कुठला मणी किती अडवतो, ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. पहिले दोन रंग म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं; तो एकाने चुकला, तर दहाच्या जागी एक. सांग, पहिला पट्टा कुठला?” एकदा तिने विचारलं होतं, मीटर आहे की, मग रंग कशाला? बाबा म्हणाले, “जळलेल्या मण्याला मीटर लावलं, तर आज त्यात काय उरलंय तेवढंच कळतं. मुळात तो किती होता, ते रंगालाच माहीत.”

तिला ती परीक्षा वाटायची. रोजची. शाळेच्या शेवटच्या वर्षी तर नकोशी झाली होती. एका दुपारी मांडीवर कादंबरी उघडी असताना बाबांनी चिमटा पुढे केला. तपकिरी, काळा, नारिंगी. तिने बघितलं, आणि मनात आलं, रोज हे आपल्याला तपासतात, आज आपण यांना तपासू.

“तपकिरी, काळा, लाल,” ती म्हणाली.

“शाब्बास,” बाबा म्हणाले, आणि टेबलाकडे वळले.

म्हणजे ते बघतसुद्धा नाहीत. नुसतं विचारतात. ती वाट बघत राहिली, पण त्यांनी मान वर केली नाही. तिने पुस्तक मिटलं आणि ती घरी गेली. मग अभ्यास होता, मग कैरो होतं.

“तुमच्याकडे कधीपासून यायला लागले?” तिने विचारलं.

“बेकरीवाल्या हाज्जीचा रेडिओ पेटला ना, त्या दिवसापासून. तुझं शाळेचं शेवटचं वर्ष, तू मावशीकडे गेली होतीस बहुतेक. फडताळावरच धूर. हाज्जी रस्त्यात उभा राहून ओरडला, फिक्रीचे डोळे गेले, आता याला कुणी काही देऊ नका. सगळी गल्ली ऐकत होती. दहाच्या जागी एकचा बसवला होता म्हणे, काय ते मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात, मुठीत मणी. तेव्हा सांगितलं मला. मी म्हटलं, अरे, तुझी पोर आहे ना? तिने चुकीचं सांगितलं का?”

“मग?”

“छे, म्हणाला. तिने बरोबरच सांगितलं होतं, बसवताना माझाच हात चुकला. आणि म्हणे, आता तिच्या डोळ्यांना पुस्तकं वाचायची आहेत, बहिया, तोवर तुझे दे.” बहियाने खण आत सारला. “तोवर, म्हणाला. वीस वर्षं दिले मी.”

इनासने चिठ्ठ्या गोळा केल्या. त्या होत्या तशा दुमडायला तिला वेळ लागला.

“तुला काय झालं गं? चहा टाकू?”

“नको, खाला. तुमचा रेडिओ बघते.”

बहियाचा रेडिओ टेबलाच्या कडेला उघडाच होता. झाकणाला फुली नव्हती. आत चिठ्ठी नव्हती. बाबांनी काढून ठेवलेला मणी बरणीच्या झाकणात पडून होता, दुसऱ्या दिवशी सकाळी मुठीतून पलीकडे न्यायचा. त्याचं एक टोक काळं पडलं होतं, पण पट्टे शाबूत होते.

तिने चिमटा घेतला. मणी उचलून ती दारातल्या उन्हात गेली. रस्त्यापलीकडे बहिया गिऱ्हाइकाशी भांडत होती, मोजपट्टी हवेत हलत होती. इनास पाठ फिरवून दुकानाच्या आत, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून उभी राहिली.

“तपकिरी,” ती मोठ्याने म्हणाली. “काळा.”

मग तिने मणी डोळ्यांजवळ आणला, उन्हात फिरवून पुन्हा बघितला. तिसरा रंग तिने दोनदा सांगितला.