थुंकलेली कॉफी

चन्नबसप्पा खाटेवर ऐसपैस पसरला होता. दंडाला रक्तदाबाचा पट्टा, छातीवर तारांचं जाळं आणि हाताच्या शिरेतून अडेनोसिनचं औषध हळूहळू आत चाललेलं. हृदयाची परीक्षा घेणारं हे औषध भल्याभल्यांची भंबेरी उडवतं. तोंड लालबुंद होतं, छाती आवळते, रक्तदाब खाली येतो, नाडी पळत सुटते. त्याच्या आधी याच खाटेवर झोपलेल्या एका मास्तरांनी तर कुळातले सगळे देव आळवले होते.

चन्नबसप्पानं जांभई दिली.

"काही होतंय का?" सिस्टर ग्लॅडिसनं विचारलं.

"होतंय की. भूक लागलीय."

नाडी बहात्तर होती, ती बहात्तरच राहिली. रक्तदाबही जागचा हलला नाही. चन्नबसप्पा मनातून खूश झाला. चिक्कमगळूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं कॉफी चाखणारा माणूस तो. गेल्या महिन्यात चढ चढताना त्याच्या छातीत कळ आली आणि मालकांनी बजावलं, हृदय ठीक असल्याचा कागद आणा, नाहीतर या हंगामापासून घरी बसा. घरी बसण्याच्या नुसत्या कल्पनेनं त्याला दुसरी कळ यायची. आता कागद हातात पडल्यातच जमा होता.

डॉक्टर वारिजाबाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली. "आलेख छान आहे. जरा जास्तच छान आहे. कॉफी घेतली होती का?"

"गळ्याखाली थेंब उतरवला नाही," तो म्हणाला.

कोपऱ्यात बायको बसली होती, गौरम्मा, दोन्ही हातांनी कपाळ दाबून. "डॉक्टरबाई, डबा कालपासून कुलपात आहे. यांना एकट्याला जड जाईल म्हणून मीही सोडली. डोकं फुटायची वेळ आलीय. यांनी कॉफी घेतली असेल तर मी नावाची गौरम्मा नाही!"

"तसं असेल तर बरंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बसमध्ये खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरतात ना, तशी कॉफी आधीच जागा धरून बसते. मग या औषधाला टेकायला जागाच उरत नाही, आणि बिघडलेलं हृदयही कागदावर ठणठणीत दिसतं." त्यांनी सही करायला पेन उघडलं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. एवढं साधं काम चन्नबसप्पाला जमेना. त्यानं गौरम्माकडं पाहिलं. उजेडसुद्धा सोसत नव्हता तिला, आणि तशातही ती त्याच्या वतीनं शपथा घेत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"थांबा," तो म्हणाला. "प्यालो नाही. पण सकाळी चाखली."

"चाखली म्हणजे?"

"तोंडात घेतली, घोळवली, थुंकली. कामच आहे आमचं. थुंकलेली कॉफी कुणी मोजत नाही."

"किती कप?"

"सव्वीस."

सिस्टर ग्लॅडिसला अचानक खोकल्याची उबळ आली आणि ती भिंतीकडं वळली.

"देवळात जातो म्हणाला होतात!" गौरम्मा कडाडली.

"वाटेतच कारखाना..."

"वाटेत? देऊळ डावीकडं, कारखाना उजवीकडं! देवानं घर बदललं काय रात्रीतून?"

"अहो, प्रत्येक घोटातलं थोडं पोटात जातंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सव्वीस कपांचं मिळून कपभर तरी गेलं असेल." त्यांनी कागद फाडला. "परवा या. आणि तोवर जिभेलाही लावायची नाही."

तारा निघाल्या. चन्नबसप्पा सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात घालत बसला. "परवा खोट निघाली तर?" तो पुटपुटला. "मालक घरी बसवतील."

"बसा की!" गौरम्मा म्हणाली. "घरात बसलेला नवरा मला चालतो. दिवसभर डोकं खाल्लं तरी चालतो. हार घालून भिंतीवर टांगलेला चालत नाही." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तिनं पदरानं डोळे टिपले, त्याचं चुकलेलं बटण नीट लावलं आणि सिस्टरकडं वळली.

"बाई, इथं कॉफी कुठं मिळते हो? कसलीही चालेल." मग नवऱ्याकडं बोट रोखून म्हणाली, "आणि तुम्ही व्हरांड्यात जाऊन थांबा. वाससुद्धा घ्यायचा नाही."