हरभऱ्याएवढा पाखऱ्या

पेडगावच्या किशनरावांनी त्यांचा लाल कंधारी बैल पाखऱ्या शिंगाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणला होता. त्याला भूल दिलेली असतानाच तिथं संशोधन करणाऱ्या धनश्रीनं त्याच्या मांडीतून हरभऱ्याएवढा मांसाचा तुकडा काढून घेतला. किशनरावांची सही होती. "एवढ्यानं त्याला काय व्हतंय," असं ते म्हणाले होते.

त्या तुकड्यातल्या मूळ पेशी तिनं दोन ठिकाणी वाढवायला ठेवल्या. काही साध्या हवेत, काही एका बंद पेटीत. पेटीत नायट्रोजन सोडून प्राणवायू दोन टक्क्यांवर आणलेला होता. साध्या हवेतल्या पेशी दीडेक महिन्यात थकल्या, पसरट झाल्या, वाढायच्या थांबल्या. पेटीतल्या वाढतच राहिल्या.

"अंगाच्या आत प्राणवायू कमीच असतो," तिचे मार्गदर्शक दिनकरराव सर खुशीत म्हणाले. "त्यांना वाटतंय, आपण अजून बैलाच्याच अंगात आहोत."

धनश्री चारठाण्याच्या लिंगायत घरातली. घरात कधी अंडंही आलं नव्हतं. जनावर न कापता मांस तयार व्हावं म्हणूनच ती या कामात शिरली होती. पण सरांचं ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

तीन महिन्यांनी बैलाची चौकशी करायला ती पेडगावला गेली, तर गोठा रिकामा होता. दुखणं उलटलं होतं. किशनरावांची बायको बायनाबाई हिनं तिला चहा दिला आणि बांधाकडं बोट केलं.

"तितं पुरलाय. ब्यापारी दोनदा येऊन गेला. न्हाई दिला. कुणाच्या ताटात जाऊ नये म्हणून."

तिला धीर द्यावा म्हणून धनश्री बोलून गेली, "मावशी, त्याचा एक तुकडा आमच्याकडं अजून जिवंत आहे."

बायनाबाई कप उचलून आत गेली. चौथ्या दिवशी सकाळी मात्र ती एकटीच प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

धनश्रीनं एक डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिच्यातल्या पेशी जुळून त्यांचे लांब धागे झाले होते, आणि स्नायूचे धागे कधीकधी करतात तसे ते आपोआप आखडत होते. बायनाबाई बराच वेळ डोळा लावून राहिली.

"माशी हाकलायलाय," ती म्हणाली.

"नाही मावशी, ते तसं..."

"मांडीवर माशी बसली की असंच करायचा." मग तिनं मान वर केली. "हे कशापायी वाढवायलीस?"

धनश्रीला खोटं सुचलं नाही. "मांसासाठी. जनावर मारावं लागू नये म्हणून."

बायनाबाई फरशीवरच बसली. "आमी त्याला पुरलाव. अन् तो हितं." मग तिनं विचारलं, "त्याला कळलंय का, आपण मेलाव म्हणून?"

"नाही," धनश्री म्हणाली.

"मग दे मला. मातीत घालते त्याच्यापाशी."

धनश्रीनं डिश फडक्यात बांधून तिच्या हातात दिली.

"एवढंच हाय का?"

"एवढंच."

पलीकडच्या खोलीत, द्रव नायट्रोजनच्या टाकीत, पाखऱ्याच्या पेशींच्या चाळीस नळ्या गोठवून ठेवलेल्या होत्या.

त्या दिवसापासून धनश्रीची मांडी फडफडू लागली. जेवताना, पेटी उघडताना, भर दुपारी लोकांत बसलेली असताना. डॉक्टरनं तपासलं, काही निघालं नाही. तिनं सरांना नळ्या नष्ट करू द्या म्हणून विनवलं. सर म्हणाले, "एवढे दिवस टिकलेली दुसरी पेशी आपल्याकडं नाही. आणि सही आहे त्यांची."

मग एक दिवस किशनरावांचा फोन आला. "ताई, हिला समजावून सांगा. म्हणती, पाखऱ्या रोज अंगणात येऊन उभा राहतोय. पुरल्यालं समदं न्हाई, म्हणती."

धनश्री पहिल्या गाडीनं पेडगावला गेली आणि ओसरीवर बसून तिनं खरं सांगितलं.

बायनाबाईनं शिव्या दिल्या नाहीत. "किती वर्सं टिकंल?" एवढंच विचारलं.

"आपल्या दोघींपेक्षा जास्त."

"जवा त्याला कुणी खाईल, तवा मला कळव. तवर तो जित्ताच हाय, मी त्याचा दिवस घालायची न्हाई."

धनश्रीनं शब्द दिला. दिवाळीनंतर त्या नळ्या हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत गेल्या. तिथला पत्ता तिनं लिहून घेतला आणि दर महिन्याला ती तिथं फोन करते. ते सांगतात, वाढ उत्तम आहे, चव घेण्याची वेळ अजून आली नाही. पेडगावला बायनाबाई सकाळ-संध्याकाळ रिकाम्या गोठ्यात पाण्याची बादली ठेवते. आधी किशनराव तिला हटकायचे. आता ती शेजारच्या गावी गेली, की तेच ठेवतात.