सरसाने सांधलेली काठी

मी तुतीच्या लाकडाची हॉकीची काठी. बोलण्याची मला सवय नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या या गॅरेजात आता गप्प राहवत नाही.

माझे कूळ प्राचीन आहे. नाईलकाठच्या एका थडग्याच्या भिंतीवर वाकड्या काठ्या भिडवून उभी असलेली दोन माणसे चितारलेली आहेत. पुढे इंग्रजांनी खेळाला नियम दिले आणि काठीच्या खालच्या वळणाला लांब, बोजड नाक. पंजाबातल्या कारागिरांनी ते आखूड केले, तेव्हा चेंडू काठीला चिकटल्यासारखा चालू लागला. मी सियालकोटच्या कारखान्यात वाफेवर वाकले. जबलपूरच्या रेल्वे वसाहतीतल्या अँग्लो-इंडियन ऑस्मंडने देश सोडताना मला अंथरुणात गुंडाळून बोटीने इथे आणले.

इथल्या गवतावर आम्ही वर्षानुवर्षे खेळलो. एकदा माझ्या मानेला तडा गेला. ऑस्मंडने त्यात सरस भरला, मेण लावलेला दोरा आवळला आणि बायकोला म्हणाला, "आयव्ही, आता ही आपल्या दोघांनाही पोचवून येईल!"

त्याची मुलगी कोरल राज्याच्या निवड-सामन्याला निघाली, तोवर गवताच्या जागी कृत्रिम मैदाने आली होती.

"ही घे."

"डॅडी, ते मैदान आधी पाण्यानं भिजवतात. माझी नवी काठी आहे ना."

"ती? प्लास्टिक चढवलेलं लाटणं! हिच्यावर मी अख्खं जबलपूर नाचवलंय."

"आणि मम्मीला?"

"तिनं मला नाचवलं. घे म्हणतो ना."

त्याचा चेहरा पाहून तिने मला घेतले.

पाणी दोऱ्यातून आत झिरपले. सरस मऊ पडू लागला. मला कळत होते, सांगता येत नव्हते. शेवटच्या मिनिटाला कोरलने बापाच्याच युक्तीने दोघींना चकवले. समोर एकटी गोलरक्षक. कोरलने फटका मारला आणि मी मानेतून मोडले. चेंडू रांगत गोलरक्षकाच्या पायाशी गेला. कोरलने चेंडूकडे पाहिलेच नाही. तिने बाकावरच्या बापाकडे पाहिले आणि माझा तुकडा पाठीमागे लपवला.

यादीत तिचे नाव आले नाही.

तिने त्याला एका शब्दाने दुखावले नाही, आणि नेमके तेच त्याला सोसले नाही. दर शनिवारी ती दारातून विचारते, "डॅडी, येताय ना मॅचला?"

"गुडघा धरलाय गं. तू हो पुढं."

गुडघा ठणठणीत आहे. तो इथे येतो आणि माझे दोन तुकडे मांडीवर घेऊन बसतो. आत्ताही बसला आहे.

ऑस्मंड, मला पुन्हा सांधू नकोस. चुलीत घातलेस तरी माझी तक्रार नाही. पण बाहेर ऐक. गाडी सुरू करून ती अजून थांबली आहे. जा.