कचऱ्यातली वही

"डॉक्टर, कॉम्प्युटरमधला कचरा तुम्ही रिकामा केलात का?"

सिस्टर दुकानाच्या पायरीवरच थांबल्या होत्या. आत या म्हटलं तरी येईनात.

"केला की! हजारभर फाइली तुंबल्या होत्या. माझं पहिलं काम तेच." शाबासकी मिळणार अशा थाटात मी बोललो.

त्या पायरीवरच बसल्या.

"त्यात माझी वही होती हो."

मी काही खरा डॉक्टर नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करतो. व्हायरस काढतो म्हणून गल्लीने हे नाव पाडलं. कोपऱ्यावरचा दुकानदार सरसकट फॉरमॅट मारतो. सगळं पुसायचं, ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची, दोन तासांत मोकळा. मला ते पटत नाही. डोक्यात उवा झाल्या म्हणून कोणी डोकं उडवतं का? माणसांचे फोटो, पत्रं, त्यांनी काय घोडं मारलंय? मी एकेक व्हायरस शोधून काढतो, मग चार दिवस लागले तरी चालतील. हे मी येईल त्याला ऐकवतो. बायको म्हणते, "नाकाने कांदे सोलणं बंद करा, गिऱ्हाईक पळतं."

सिस्टर म्हणजे पस्तीस वर्षं नर्स होत्या. कोपऱ्यावरच्याने फॉरमॅट सुचवला म्हणूनच कॉम्प्युटरचा तो जड डबा छातीशी धरून माझ्याकडे आल्या होत्या. "एक अक्षरही जायला नको, डॉक्टर." मी म्हटलं होतं, "निर्धास्त जा."

"पण वही कचऱ्यात कशी?" मी विचारलं.

"यांना झटका आला तेव्हा वाचाच गेली होती. मग एखादा शब्द यायला लागला. पाणी. नको. मी रोज तारीख घालून लिहून ठेवायचे. वॉर्डातली सवय, दुसरं काय! एके दिवशी यांनी पडद्यावर वाचलं. मान खाली घातली आणि म्हणाले, टाक. त्या दिवसाचा तो एकच शब्द."

"मग?"

"टाकलं. त्यांच्यासमोर. ते झोपले की मी बाहेर काढायचे, ओळ लिहायचे, परत टाकायचे. चौदा महिने."

"अहो, पण ते गेल्यावर तरी बाहेर काढायची!"

"टाकलं म्हणून सांगितलं होतं ना त्यांना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षांत मी कोणालाही विचारलं नव्हतं की तुमच्या कचऱ्यात काय आहे. कचरा तो कचरा! आधी तो उडवायचा, म्हणजे तपासणी लवकर उरकते.

कचरा रिकामा केला तरी मजकूर लगेच मरत नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो शिल्लक असतो. कोपऱ्यावरच्याने घाईघाईत पुसलं असतं तर कदाचित निम्मीअधिक वही परत मिळाली असती. मी मात्र काम चोख करणारा. व्हायरस निघाल्यावर विखुरलेल्या फाइली एका ओळीत लावल्या, मोकळ्या जागा भरून काढल्या. माझ्याच हातांनी तिच्यावर माती लोटली.

दोन दिवस दुसरं काम घेतलं नाही. हरवलेल्या फाइली शोधणारे तीन प्रोग्रॅम चालवले. बायकोने डबा पाठवला, तो तसाच परत गेला. शेवटी नुसत्या चौकोनांच्या आणि प्रश्नचिन्हांच्या रांगांत चार ओळी सापडल्या.

सिस्टर आल्या. या वेळी आत आल्या, खुर्चीत बसल्या, चष्मा पुसला.

"एवढंच मिळालं," मी म्हटलं. "चुकलं माझं. विचारायला हवं होतं."

त्या वाचू लागल्या.

*१४ तारीख. पाणी. दोनदा.*

*१५ तारीख. काही नाही.*

*१६ तारीख. ऊन. खिडकीकडे बोट.*

*१७ तारीख. आज पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले*

पुढे चौकोन होते.

"काय म्हणाले होते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

सिस्टरांनी पडद्यावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. त्यांचे ओठ हलत होते.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवलंय म्हणून निश्चिंत राहिले हो मी."

त्यांना रडू येईल असं वाटलं, पण त्यांनी पदराने चष्मा पुन्हा पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"या ओळींची फाइल केलीत?"

"केली. समोरच ठेवलीय, सिस्टर. तीन ठिकाणी कॉपी पण ठेवतो."

"कॉपी नको. होती तिथेच ठेवा."

"कचऱ्यात?"

"हो. फक्त आता रिकामा करू नका."

मी फाइल धरली आणि कचऱ्याच्या डब्यावर नेऊन सोडली. नक्की टाकायची का, असं मशीनने विचारलं. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा मी 'होय' दाबलं.